ट्रॅपची फेरी चालवताना: 'हिट' की 'लॉस्ट' ठरवण्याची आणि गुण लिहिण्याची रीत

क्ले पिजनच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या शॉटगनने फोडण्याच्या, स्पर्धेत वाद झाला की पहिला शब्द निघतो तो पक्षपाताचा. अमक्याने आपल्या क्लबच्या पोराला झुकतं माप दिलं, तमक्याने मुद्दाम लॉस्ट, म्हणजे 'चुकली', दिली. मी साइड रेफरीच्या, म्हणजे बाजूला बसून रेफरीला मदत करणाऱ्याच्या, खुर्चीपासून सुरुवात केली आणि नंतर बऱ्याच फेऱ्या रेफरी म्हणून चालवल्या. माझं निरीक्षण असं, की गुण बिघडतात ते बहुतेक वेळा क्रम बिघडल्यामुळे. डोळे तबकडीवर हवेत तेव्हा ते गुणांच्या कार्डावर असतात. हात वर जायला हवा तेव्हा मनात 'देऊ की नको' चाललेलं असतं. मग पुढच्याची गोळी सुटते आणि मागची तबकडी कायमची संशयात राहते. नियम सगळ्यांनी वाचलेले असतात, पण हाताला वळण नसतं. हा लेख त्या वळणासाठी आहे.

इथे मी फक्त ऑलिंपिक ट्रॅप या प्रकाराच्या पात्रता फेरीबद्दल बोलतोय. नियम आयएसएसएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, आपल्याकडच्या एनआरएआयच्या, म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या, स्पर्धाही त्यांनाच धरून होतात. सहा जणांचा स्क्वॉड म्हणजे गट, उभं राहून मारायची पाच स्टेशनं, समोर खंदकात तबकड्या उडवणारी पंधरा मशिनं, एका फेरीत प्रत्येकाला २५ तबकड्या आणि पाच फेऱ्या मिळून १२५. मावळणकर स्पर्धेतून राष्ट्रीय स्पर्धेसाठी किमान गुण गाठायचे असतात तेव्हा एक तबकडी इकडची तिकडे झाली तरी पोराचं वर्ष जातं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये क्ले पिजनच्याच स्कीट या दुसऱ्या प्रकारात, मिश्र सांघिक लढतीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं कांस्य ४३ विरुद्ध ४४ असं एका तबकडीने गेलं. एवढ्याशा फरकावर सगळं ठरतं, म्हणून लिहिणारा हात पक्का हवा.

१. आदल्या दिवशीची तयारी

सगळ्यात आधी स्वतःचे डोळे. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर जुन्या चष्म्यावर रेफरी म्हणून उभं राहू नका. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची असते, ताटलीएवढीही नाही, आणि ती तुमच्यापासून झपाट्याने लांब जात असते. तिच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला तुम्हाला दिसायला हवा. कानाचं आणि डोळ्याचं संरक्षण रेफरीलाही लागतं.

दुसरं, नातीगोती. स्क्वॉडमध्ये तुमचा शिष्य, भाचा किंवा रोज एकत्र सराव करणारा जोडीदार असेल तर आदल्या संध्याकाळीच आयोजकांना सांगून त्या फेरीतून बाजूला व्हा. सकाळी रेंजवर सांगितलं की बदली माणूस मिळत नाही आणि 'अहो, एका फेरीचाच प्रश्न आहे' म्हणत तुम्हालाच उभं करतात. छोट्या स्पर्धांत सगळेच एकमेकांचे ओळखीचे, हे खरं. पण नुसती ओळख असणं आणि त्या पोराच्या निकालात आपला जीव अडकलेला असणं यात फरक आहे, आणि तो ज्याचा त्याला कळतो.

तिसरं, पिशवीत हे हवं: छापील नियम, दोन पेनं (पेन्सिल नको, कारण ती खोडता येते), क्लिपबोर्ड, शिट्टी, पिवळं-हिरवं-लाल अशी तीन कार्डं. पिवळं ताकीद देण्यासाठी, हिरवं गुण कापण्यासाठी, लाल बाद करण्यासाठी.

२. फेरी सुरू होण्याआधी रेंजवर

सूर्य कुठे आहे ते बघा. रेंज नीट बांधलेली असेल तर ती उत्तरेकडे तोंड करून असते आणि ऊन पाठीवर येतं. तरीही सकाळी साडेआठला मागच्या झाडीची सावली आणि समोरचं आकाश यांच्या सीमेवर तबकडी दोनदा रंग बदलते. त्या पट्ट्यात तुकडा दिसत नाही असं वाटलं तर आपली जागा हात-दीड हात सरकवून बघा. फेरी सुरू झाल्यावर जागा बदलायची नाही.

मग मशिनं. फेरीआधी प्रत्येक मशिनमधून एक तबकडी उडवून दाखवायची असते, नेमबाजांना आणि तुम्हालाही. हा वेळ गप्पांत घालवू नका. कुठल्या मशिनची तबकडी जराशी डुगडुगते, कुठली कमी अंतर जाते, हे तिथेच मनात टिपून ठेवायचं. नियमाप्रमाणे ती साधारण ७६ मीटर जायला हवी. एखादी स्पष्टच आखूड पडत असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय सुरू करू नका. मागे स्क्वॉड ताटकळतोय म्हणून सूट देऊ नका. चुकीच्या मशिनवर झालेली फेरी नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

सावधान: खंदकात कुणी मशिन भरायला किंवा दुरुस्तीला उतरणार असेल तर आधी सगळ्या बंदुका उघड्या आणि रिकाम्या. तुम्ही स्वतः एकेक बंदूक बघायची, 'रिकामी आहे' हे तोंडी ऐकून चालत नाही. माणूस वर येऊन मागे गेल्याशिवाय एकही काडतूस आत जाता कामा नये.

३. साइड रेफरींना समजावणं

इथे बहुतेक जण दोन मिनिटं वाचवतात आणि पुढे अर्धा तास घालवतात. साइड रेफरी बहुधा आधीच्या स्क्वॉडमधलेच नेमबाज असतात, नुकतीच फेरी संपवून आलेले, दमलेले. स्वतःच्या चुकलेल्या तबकड्या त्यांच्या डोक्यात घोळत असतात. त्यांना खुर्ची दाखवून मोकळं होऊ नका. समोर उभं करून तीन गोष्टी सांगा.

पहिली: तुमचं काम चुकलेली तबकडी दाखवणं. चुकली असं वाटलं की लगेच हात वर किंवा झेंडा वर. दुसऱ्या साइड रेफरीकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं नाही, गुणांच्या बोर्डाकडे तर नाहीच. दुसरी: तुमचं आणि माझं मत वेगळं पडलं तर हात खाली घेऊ नका. मी थांबवेन आणि विचारेन. तिसरी: शेवटचा निर्णय माझा. तुमच्या मताविरुद्ध गेला तर मनाला लावून घेऊ नका, पुढच्या तबकडीला तितक्याच मोकळेपणाने हात वर करा.

ही तिसरी गोष्ट मी का सांगतो ते सांगतो. एका स्पर्धेत माझ्या डाव्या बाजूला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. समोर त्याच्याच क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज, सगळे त्यांना दादा म्हणायचे. दादांची आठवी तबकडी मला लॉस्ट वाटली. मी डावीकडे पाहिलं. मुलाचा हात गुडघ्यावरून जेमतेम वीतभर उठला आणि परत खाली गेला. मी थांबवून विचारलं, 'काय दिसलं?' तो म्हणाला, 'सर, तुकडा नाही दिसला. पण दादांचा असा सहसा चुकत नाही.' मी लॉस्ट दिली. फेरी संपल्यावर दादांनी स्वतः त्या मुलाजवळ जाऊन सांगितलं, 'हात पूर्ण वर करायचा रे, मी असलो तरी.' तेव्हापासून मी फेरीआधी नेमबाजांसमोरच साइड रेफरींना सूचना देतो. मग हात वर करणाऱ्या पोरावर कुणाचं दडपण राहत नाही.

तपासा: दोघांना एकेक मोकळी तबकडी उडवून 'लॉस्ट' चा इशारा करायला लावा. हात किती उंच जातो आणि किती लवकर जातो ते तेव्हाच कळतं.

४. तबकडी बघणं आणि ठरवणं

सगळ्या लेखात हा भाग नीट वाचा.

नेमबाजाने 'पुल' म्हटलं की तुमची नजर नेमबाजाकडे नको, बंदुकीच्या तोंडाकडेही नको. ती खंदकाच्या कडेच्या वर सैल ठेवायची, तबकडी दिसली की तिला पकडायचं आणि ती फुटेपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत सोडायची नाही. पात्रता फेरीत दोन काडतुसं मिळतात. पहिल्या गोळीनंतर पुष्कळ रेफरींची नजर आपोआप नेमबाजाकडे वळते, आणि दुसऱ्या गोळीला उडालेला बारीक तुकडा तिथेच हुकतो. पहिल्या गोळीने लागो वा दुसऱ्या, गुण एकच.

आता नियम काय म्हणतो ते. नियमाप्रमाणे उडालेल्या आणि नियमाप्रमाणे मारलेल्या तबकडीचा निदान एक तुकडा सुटलेला दिसला तर हिट. नुसती धूळ उडाली, तबकडी हलली, दिशा बदलली, पण तुकडा दिसला नाही तर लॉस्ट. तबकडी डांबर आणि चुनखडीची असते. छर्रा नुसता घासून गेला तरी वरचा रंग भुकटीसारखा उडतो आणि आकाशात छान ढग दिसतो. नेमबाजाला तो मागून दिसतो आणि त्याची खात्री पटते की लागली. त्याचा प्रामाणिकपणा खरा असतो, पण तुम्ही ढग मोजत नाही, तुकडा मोजता.

नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे काडतुसातलं वॅड. छऱ्यांना धरून ठेवणारा प्लास्टिकचा तो पेला बंदुकीतून बाहेर पडतो, हवेत गटांगळ्या खातो आणि उन्हात चमकतो. तो तुकडा वाटतो. फरक ओळखायची खूण सांगतो. वॅड बंदुकीच्या बाजूने येतं आणि तबकडीपर्यंत पोचण्याआधीच मागे पडतं. तुकडा तबकडीपासून सुटतो आणि क्षणभर तिच्याबरोबर पुढे जातो. रंगही बघा, तबकडीच्या रंगाचा नसेल तर तो तुकडा नाही.

मग येतो 'संशयाचा फायदा'. हा शब्द कोर्टातून आपल्या रेंजवर आला आणि त्याने फार नुकसान केलं. लोक म्हणतात, नक्की कळत नसेल तर नेमबाजाला द्या. मला हे पटत नाही. नियम 'तुकडा दिसला का' एवढंच विचारतो. दिसला नसेल तर उत्तर तयार आहे. एकाला दिलेला फायदा बाकी पाच जणांच्या आणि शेजारच्या स्क्वॉडच्या गुणांतून जातो, आणि ते लोक तिथे आपली बाजू मांडायला उभे नसतात. उलट दिशेचा दोषही तितकाच वाईट. मागच्या तबकडीला मऊपणा झाला असं वाटून पुढची कडक देणारे रेफरी मी पाहिलेत. प्रत्येक तबकडी वेगळी. आधीची मनातून काढून टाका.

निर्णयाचा क्रम असा: बघा, ठरवा, मग साइड रेफरींचे हात बघा, मग इशारा द्या. साइडकडे आधी पाहिलंत तर तुमचं मत त्यांच्या हातावर तयार होतं. लॉस्ट असेल तर इशारा ठळक आणि लगेच हवा, गुणलेखकाला मान वळवून विचारावं लागू नये. मत वेगळं पडलं तर फेरी क्षणभर थांबवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: 'तुकडा दिसला का?' 'लागली का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर अंदाजाने दिलं जातं. हे मतदान नव्हे. दोघांचं ऐकून निर्णय तुम्ही द्यायचा.

सावधान: पडलेली तबकडी उचलून आणून छर्रा लागल्याची खूण शोधायची नाही. जमिनीवर आपटूनही तबकडी फुटते. कितीही आग्रह झाला तरी तिथे पाठवणं नाही.

५. 'नो टार्गेट' कधी आणि कशी

'नो टार्गेट' म्हणजे ही तबकडी धरायची नाही, पुन्हा मारायची. ते जितक्या लवकर, शक्य तर गोळी सुटण्याआधी, आणि मोठ्याने सांगायचं. दोन प्रकार मनात वेगळे ठेवा.

काही वेळा नेमबाजाने गोळी झाडली असो वा नसो, लागो वा चुको, तबकडी रद्दच होते: ती फुटकी निघाली, एकाच वेळी दोन उडाल्या, वेगळ्या स्टेशनच्या मशिनमधून आली, भलत्याच रंगाची होती. फुटक्या तबकडीवर कुणी नेम साधला आणि तिचा चुरा झाला तरी गुण नाही, पुन्हा मारायची.

दुसऱ्या प्रकारात नेमबाजाला नकार द्यायचा हक्क असतो, पण तो गोळी झाडेपर्यंतच. 'पुल' म्हणण्याआधी तबकडी सुटली, उशिरा सुटली, वाकडीतिकडी गेली. त्याने बंदूक खाली घेतली तर नो टार्गेट. झाडली, तर जो निकाल लागेल तो लिहायचा. 'वेळेआधी आली होती' ही तक्रार चुकल्यानंतर ऐकायची नसते. नेमबाजांना हे आवडत नाही, म्हणून फेरीआधीच एकदा बोलून ठेवावं.

एक चूक रेफरीच करतात: नेमबाज गोंधळला, मानेनेच नाही म्हणाला, म्हणून दया येऊन नो टार्गेट देतात. तबकडी नियमित होती आणि त्याने झाडली नाही, तर ती लॉस्ट आहे.

६. बंदूक अडली तर

नेमबाजाने बंदूक समोरच्या दिशेलाच धरून ठेवायची, उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही. तुम्ही जाऊन बघायचं. आधी उघडली तर तबकडी लॉस्ट. काडतूस घालायलाच विसरला किंवा सेफ्टी लावलेली राहिली, तर तोही दोष त्याचाच. खरोखर बिघाड असेल तर एका फेरीत असे दोन मान्य होतात, म्हणून कितवा ते कार्डावर टिपा.

७. गुण लिहिणं

लागली तर तिरकी रेघ, चुकली तर शून्य. इतकं साधं, आणि तरी सगळ्यात जास्त चुका इथेच.

गुणलेखकाने कार्डावर आडवं नाही, उभं उतरायचं असतं: पहिल्याची पहिली, दुसऱ्याची पहिली, असं सहाव्यापर्यंत, मग दुसरा रकाना. नो टार्गेट झाली की ती चौकट कोरी राहते आणि पेन तिथेच थांबतं. घाईत पेन पुढे सरकतं, आणि मग एकाचा निकाल दुसऱ्याच्या ओळीत जातो. पाच रकान्यांनंतर लक्षात येतं तेव्हा कुठून सरकलं ते सापडत नाही.

स्क्वॉडमध्ये पाचच जण असतील तर सहाव्या ओळीवर सुरुवातीलाच आडवी रेघ मारून ठेवा. कोरी ओळ हात चुकवते.

शून्य नीट, बंद वर्तुळ काढा. तिरक्या रेघेला घाईत वळण आलं की ती सहासारखी दिसते, आणि फेरीनंतर सही करताना त्या एका आकड्यावरून आवाज चढतात. चूक झाली तर गिरवायची नाही, खोडायची नाही. एक रेघ मारून बाजूला बरोबर खूण आणि रेफरीची आद्याक्षरं.

तपासा: पहिला नेमबाज परत पहिल्या स्टेशनवर आला की प्रत्येक ओळीत पाच चौकटी भरलेल्या असायला हव्यात. पुढच्या वेळी दहा, मग पंधरा. गुणलेखकाने त्या क्षणी हात वर करून 'बरोबर' एवढंच सांगायचं. ओळी जुळत नसतील तर तिथेच थांबवा, कारण तेव्हा शोधायला पाचच तबकड्या असतात.

बोर्ड लावणारा आणि कार्ड लिहिणारा अशी दोन वेगळी माणसं हवीत, आणि दोघांनी तुमच्या इशाऱ्यावर लिहावं, एकमेकांचं बघून नाही. बोर्डावर चुकीचं लागलेलं दिसलं तर फेरी थांबवून लगेच दुरुस्त करून घ्या. 'शेवटी बघू' म्हणालात की नेमबाजाचं लक्ष उरलेल्या सगळ्या तबकड्यांत बोर्डावरच राहतं.

८. कुणी दाद मागितली तर

नेमबाजाला निर्णय पटला नाही तर त्याने लगेच, पुढच्याने गोळी झाडण्याआधी, हात वर करून 'प्रोटेस्ट' किंवा 'अपील' म्हणायचं. मान हलवणं, मागे वळून बघणं, पुटपुटणं म्हणजे दाद नव्हे. तुम्ही फेरी थांबवायची, साइड रेफरींना तोच एक प्रश्न विचारायचा आणि निर्णय मोठ्याने सांगायचा. हिट, लॉस्ट, नो टार्गेट याबाबत रेफरीचा शब्द शेवटचा, ज्युरीकडेही तो बदलत नाही. म्हणून या पाच-दहा सेकंदांत आवाज चढवू नका आणि घाबरून गुळमुळीतही बोलू नका. प्रेक्षकांतून कुणी मोबाइलवरचं चित्रण दाखवायला आलं तर नम्रपणे मागे पाठवा.

पॅरिस ऑलिंपिकमध्येच महिलांच्या स्कीटच्या अंतिम फेरीत ब्रिटनची अँबर रटर आणि चिलीची फ्रान्सिस्का क्रोवेट्टो बरोबरीत आल्या आणि बरोबरी फोडायला शूट-ऑफ झाला. त्यात रटरची एक तबकडी लॉस्ट दिली. तिने आणि तिच्या माणसांनी दाद मागितली, टीव्हीवरच्या फेरदृश्यात ती लागल्यासारखी दिसत होती, पण तिथे व्हिडिओ पडताळणीची सोय नव्हती आणि निर्णय कायम राहिला. सुवर्ण क्रोवेट्टोला मिळालं. आपल्या जिल्हा-राज्य पातळीवर कॅमेरा कुठून येणार? आपल्याकडे फक्त तीन जोड्या डोळे असतात, म्हणून चौथा टप्पा मी इतका लांबवला.

९. फेरी संपल्यावर

बंदुका उघड्या आणि रिकाम्या आहेत हे बघा, मगच कार्डाकडे या. बेरीज दोघांनी वेगवेगळी करायची: एकाने रेघा मोजायच्या, दुसऱ्याने शून्यं. दोन्ही मिळून २५ यायला हवेत. नुसत्या रेघा दोनदा मोजल्या तर तीच चूक दोनदा होते. कार्ड आणि बोर्ड जुळवा आणि प्रत्येकाचे गुण नावासकट मोठ्याने वाचा.

मग सह्या. सही करण्याआधी नेमबाजाला कार्ड हातात घेऊन बघू द्या, उभ्या उभ्या पेन पुढे करू नका. सही झाल्यावर बेरजेची चूक सोडून दुसरं काही ऐकलं जात नाही, हे नवीन मुलांना माहीत नसतं. त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा: 'बाळा, एकेक चौकट बघ, पटलं तरच सही कर.' रुसून सही न करताच निघून जाणाऱ्याला परत बोलवा. तरी आला नाही तर कार्डावर वेळ आणि तुमची सही टाकून तशी नोंद करा.

सगळ्या सह्या झाल्या की मूळ कार्ड तुम्ही स्वतः निकालाच्या टेबलावर नेऊन द्या. कुणा नेमबाजाच्या किंवा कोचच्या हाती पाठवू नका, कितीही जवळचा असला तरी. टेबलावरच्या माणसाने संगणकात आकडा भरला की पडद्यावरचं नाव आणि गुण तुमच्या कार्डाशी ताडून बघा, आणि मगच पुढच्या स्क्वॉडच्या साइड रेफरींना हाक मारा.